राहिलेला वाडगा

(किशिनाऊ शहरातलं एक इटालियन हॉटेल. भर दुपार. कामासाठी इटलीत राहणारी, नुकतीच घरी आलेली लिविया आणि तिची सतरा वर्षांची मुलगी सोरिना समोरासमोर बसल्या आहेत.)

लिविया : ...आणि तिकडे असं सगळं एकदम मांडत नाहीत गं. आधी एक येतं, ते संपलं की दुसरं. मध्ये गप्पा. दोन-दोन तास चालतं. आपल्याकडे कसं, आणलं की तुटून पडायचं.

सोरिना : आपल्याकडे उठून गाय बघायची असते.

लिविया : टोमणा मारलास.

सोरिना : नाही हो. खरंच आहे गाय.

लिविया : आणि मला अहो-जाहो काय करतेस? आजीशी तर अगं-तुगं चालायचं.

सोरिना : आजी रोजची होती.

लिविया : ...बरं. उद्या तिला जाऊन चाळीस दिवस होतील, ते चाळिसाव्याचं जेवण झालं की सोमवारी विमान. तुझे कागद झालेत. पादोव्हात खोली बघितलीय, तुझ्यापुरता पलंग आहे, खिडकी आहे. अकरा वर्षं याच दिवसासाठी काढली मी. येशील ना? अजून हो म्हणाली नाहीस.

सोरिना : आधी जेवू या.

वेटर : दोन पोलेंता, वर रानातली अळंबी. सांभाळून, ताटल्या गरम आहेत.

लिविया : आता खाऊन बघ. तिकडचं खाणं म्हणजे काय ते कळेल.

सोरिना : ही तर ममालिगा आहे.

लिविया : पोलेंता.

सोरिना : मक्याचं पीठ, पाणी, मीठ. आजी रोज हाटायची.

लिविया : पीठ तेच गं. पण तिकडे मऊ ठेवतात, चमच्याने खातात. आपली म्हणजे नुसता धोंडा, दोऱ्याने कापावी लागते. तिकडे लोक नटूनथटून हॉटेलात जाऊन मागवतात, आणि आपण गरिबाचं खाणं म्हणून नाक मुरडतो.

सोरिना : मी नाही कधी मुरडलं.

लिविया : खा ना, गार होतंय. निदान अळंबी तरी उचल. मी सांभाळते त्या आडेलेबाईंचा जीव की प्राण. मी अगदी बारीक चिरून, सायीत शिजवून देते त्यांना. दात नाहीत ना. मीठ चालत नाही, मिरी चालते. कोंबडी असली तर दोनदा वाटायची. आणि चमचा कायम डावीकडून न्यायचा, उजवी बाजू गेलीय त्यांची.

सोरिना : मी अळंबी खात नाही.

लिविया : हे कधीपासून?

सोरिना : नऊ वर्षांची असल्यापासून. आजीने रानातून आणली होती. थोडीच होती, म्हणून तिने स्वतःला घेतलीच नाहीत, सगळी मला वाढली. सहा दिवस दवाखान्यात होते. नळ्या लावल्या होत्या.

लिविया : काय सांगतेस! मला कोणी कळवलंसुद्धा नाही!

सोरिना : त्याच आठवड्यात तुमचा फोन आला होता. सोरिना शाळेत गेलीय, असं सांगितलं आजीने.

लिविया : आई आहे मी तुझी. धावत आले असते.

सोरिना : आजी गेली तेव्हा नाही आलात. मातीलासुद्धा नाही.

लिविया : बदली बाई मिळेना गं. आडेलेबाई दुसऱ्या कोणाच्या हातून घास घेत नाहीत, तोंड घट्ट मिटून घेतात. उपाशी मेल्या असत्या. मी काय करायचं होतं? तूच सांग, काय करायचं होतं मी?... शेवटी शेवटी काय जेवत होती आई?

सोरिना : काही नाही.

लिविया : काही नाही म्हणजे?

सोरिना : नऊ दिवस काही नाही. मी दुधात ममालिगा कुस्करून द्यायचे. सगळं हनुवटीवरून ओघळायचं. मला भरवता येत नव्हतं. चमचा कुठल्या बाजूने न्यायचा, मला कुठे माहीत होतं?

लिविया : फोन करायचास! मी फोनवर सांगितलं असतं. मान जराशी पुढे घ्यायची, गळ्याखाली हात धरायचा, घाई नाही करायची...

सोरिना : तिने शपथ घातली होती. म्हणाली, लिवियाला कळलं तर सगळं टाकून येईल, मग त्या म्हातारीला कोण भरवेल?

लिविया : असं म्हणाली?

सोरिना : हो.

लिविया : ...उद्याच्या जेवणात तिच्या आवडीचं काहीतरी करायला सांगू या. तिला... काय आवडायचं गं तिला? मला आठवतच नाहीये.

सोरिना : मेल्यावरचं तिचं जेवण तिने स्वतःच घातलं. मागच्या शरदात. गहू शिजवले, मेणबत्त्या लावल्या, आळीत सगळ्यांना एकेक वाडगा आणि चमचा दिला.

लिविया : जितेपणी? अगं, मागे कोणी नसलेल्या बायका घालतात ते! तिला मी होते की.

सोरिना : त्या दिवशी तुम्हाला फोन लावला होता तिने. वाडगा घेणारा ‘देव क्षमा करो’ म्हणतो ना, तेवढं तुमच्या तोंडून ऐकायचं होतं तिला.

लिविया : मग? काय म्हणाले मी?

सोरिना : ‘आत्ता भरवतेय, नंतर कर.’

लिविया : देवा...

सोरिना : तुमचा वाडगा तेवढा राहिला. म्हणाली, ती येईल तेव्हा दे, पण भरून दे. रिकामा दिलास तर मेल्यावर मी तिकडे उपाशी राहीन.

लिविया : कुठे आहे?

सोरिना : या पिशवीत. सकाळी ममालिगा केली. दोऱ्यानेच कापलीय.

लिविया : काढ. इथेच काढ.

वेटर : बाई, बाहेरचं खाणं इथे चालत नाही.

लिविया : माझ्या आईच्या नावाचं आहे हो.

वेटर : ...असं होय. मग बसा. या ताटल्या उचलतो मी. सावकाश होऊ द्या.

लिविया : देव क्षमा करो. आई, देव तुला... सोरिना, सोमवारी तू येणार नाहीस ना?

सोरिना : नाही. तिकडे येऊन मी काय करणार? दुसऱ्या कोणाच्या तरी म्हातारीला भरवणार.

लिविया : मला चमचा धरवत नाहीये.

सोरिना : द्या इकडे. कुठल्या बाजूने आणू, तेवढं सांगा.