खंडेनवमीचं कुंकू अन् धारेची मशीन

माझं माहेर भोकरदनकडचं अन् दिलं इकडं तीर्थपुरीच्या बाजूला, म्हंजे जिल्ह्याच्या एका टोकावरून पार दुसऱ्या टोकाला. शाळा पाह्यली न्हाई, अक्षरं मागून लेकराच्या पुस्तकावर बोट ठेवून ठेवून शिकले, पण धार काढायचं कुणी शिकवावं लागलं न्हाई. आईनं लग्नात पितळेची चरवी दिल्ती, दुसरं काय काय दिलं ते आता आठवत बी न्हाई, चरवी आठवती, कारण दुसऱ्याच दिवशी सासूबाईनं ती हातात देऊन म्हशीखाली बसवलं. तवा म्हशी दोनच व्हत्या. आता गोठा भरून संकरित गाई हायेत, दूध डेअरीला जातं. गोठा म्हणायला माझ्या लेकाचा, गजूचा, पण धारा माझ्या अन् सूनबाईच्या, रेखाच्या.

काय सांगू तुम्हाला, गोठा म्हणलं की वस्तू इकणारे येतेतच. अन् कुठं शेतीचं प्रदर्शन भरलं की आमचा गजू जातो, रिकाम्या हातानं कधी येत न्हाई. एकदा गाईचं अंग घासायचा ब्रश आणला, बटण दाबलं की गरगर फिरतो. मी म्हणलं अरे, गाईला खाज सुटली तर ती बांधावरच्या बाभळीला घासून घेती की, तर म्हणे आई तुला न्हाई कळायचं, ब्रशानं गाय खूश व्हती. गाई त्या ब्रशाला अशा भ्याल्या की त्या बाजूच्या गव्हाणीवर उभ्याच राहीनात. आमचे मालक बाजेवरूनच म्हणले, गजानना, बटण दाब अन् तूच उभा राह्य खाली, कुणीतरी खूश व्हऊ दे.

मंग मी घरात एक कायदा केला. आमच्याकडं खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, घरातली समदी अवजारं अंगणात मांडून धुतेत अन् पुजतेत. विळा, खुरपं, कुऱ्हाड, पाट्या, चरवी, अन् कडबाकुट्टी, पाण्याची मोटार असलं जे उचलत न्हाई त्याला जागेवर, समद्याला ओल्या कुंकवाचं बोट लावायचं. मी म्हणलं, धुवायच्या आधी पाह्यचं. ज्याच्यावर मागल्या सालचं कुंकू तसंच्या तसं हाय, ते वर्षभर कुणाच्या हाताला लागलंच न्हाई, ते इकून टाकायचं. जिथलं झिजून गेलं तिथं काम हाय, नवं घ्यायचं तर त्याच कामाचं घ्यायचं. मालक म्हणले, कुंकू गेलेलं चांगलं म्हणती बघा ही बाई. म्या म्हणलं अवजाराचं म्हणून राह्यले हो, माझ्या कपाळाचं राहू द्या.

अन् एका साली काय झालं, रेखाच्या हाताला मुंग्या यायला लागल्या. आधी बोटं, मंग समदा पंजा, मंग हातातली कपबशी सुटून पडू लागली. जालन्याचे डॉक्टर म्हणले हातानं धारा बिलकुल बंद, न्हाई तर हात कामातून जाईल. माझी बोटं तर कवाचीच वाकडी, मी किती गाईखाली बसणार? माणूस लावला, तो आज आला तर उद्या न्हाई, अन् गाय काय उद्यापर्यंत थांबती व्हय, कास तटतटून येती, ती हंबरत राहती. मालक जेवता जेवता म्हणले, निम्म्या गाई बाजारात न्या. रेखा वाढून राह्यली व्हती, ती म्हणली मामा, माझ्या हातासाठी गाई इकू नका, त्यातल्या कितीक म्या बाटलीनं दूध पाजून वाढवल्यात. अन् उठून आतच गेली.

गजूच्या डोक्यात भलतंच. त्याला चारा अन् पेंड कालवायची मोठी मशीन पाह्यजे व्हती, कारण शेजारच्या गावात दोघांनी घेतल्ती. पैशाचा मेळ एकीचाच बसत व्हता, ही घ्या न्हाई तर धारा काढायची. धारेची मशीन म्हणलं की तो भ्यायचा, म्हणे आई, कास खराब झाली तर गोठाच बसंल. भ्या मलाबी व्हतं, खोटं कशाला बोलू.

त्यातच खंडेनवमी आली. अंगणात मांडलं समदं. ब्रशावरचं कुंकू तर काल लावल्यासारखं लालभडक. चरवीवर काहीच न्हाई, घासून घासून पितळ दिसून राह्यलं. गजूनं पेंड कालवायची पाटी उचलली अन् म्हणला, आई पाह्य, हिच्यावरबी न्हाई, तुझ्याच कायद्यानं बोल आता. मी म्हणलं, बराबर हाय बाबा, पण पाटीचं कुंकू कुणाच्या हातानं गेलं? तुझ्या, माझ्या, मालकाच्या, रेखाच्या, चौघांच्या. चरवीचं गेलं ते माझ्या अन् रेखाच्या हातानं, अन् दोघींचे हात आता कामातून चालले. मशीन तिथं घ्यायची. गजूनं पाटी खाली ठेवली.

पण मी लगेच पैसे काढू दिले न्हाई. आधी अंबडकडं नणंदेच्या गोठ्यावर चालती मशीन पाह्यली. सडाला लावायचं ते रबर असतं ना, त्यात अंगठा घालून पाह्यला, वासरू चोखतं तसं ओढतं, सोडतं, ओढतं, सोडतं. दुखलं न्हाई. नणंदेला इचारलं, धुतं कोण अन् बिघडली तर येतं कोण. ती म्हणली रोज गरम पाण्यानं धुतली तर कासंला काही व्हत न्हाई, अन् दुरुस्तीवाला तीर्थपुरीतच हाय. मंग घेतली, आणली त्याच दिवशी तिलाबी कुंकवाचं बोट लावलं. ब्रश एका हौशी पाव्हण्याला इकला. गाईंनी आधी लाथा झाडल्या, तवा रेखा एकेकीच्या पाठीवर हात ठेवून उभी राह्यची. गाई घरीच राह्यल्या, अन् आता तिच्या हातातून कपबशी पडत न्हाई.

यंदाच्या खंडेनवमीला मशीनवर कुंकवाचा ठिपका राह्यला न्हाई. अन् माझ्या चरवीवर मागल्या सालचं कुंकू जसंच्या तसं. गजू हसून म्हणला, आई, आता? रेखा म्हणली आत्या, राहू द्या, तुमच्या आईची हाय. म्या म्हणलं ब्रशाला एक कायदा अन् चरवीला दुसरा, असं कसं? दिली मोडीत, अन् मशीनची रबरं धुवायला स्टीलचं पातेलं आणलं, ते रोज लागतं.

त्याच दिवशी रेखानं माझा हात धरला अन् वाकड्या बोटांवर कुंकवाचं बोट टेकवलं. म्हणली आत्या, हेबी अवजारच हाय, पाहू पुढल्या साली. देव तिचे हात असेच धड ठेवो. पुढल्या सालाचं म्हणसाल तर तेवढं थांबावं लागलं न्हाई, सांजच्याला पेंड कालवून हात पाह्यला, तर माझ्या बोटांवरचं कुंकू गेल्तं.