खंडेनवमीचा नारळ

छप्पन सालच्या खंडेनवमीला सकाळी मी तळेगावच्या थांब्यावर पिंपरीच्या एसटीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर खाकी कपड्यांतला एक कामगार आणि त्याची बायको बोलत होती.

"आज रजा टाका म्हणत होते मी."

"भिऊन घरी बसू?"

"गेल्या खंडेनवमीला तुम्ही यंत्राला हळदकुंकू न्हाई लावलं, अन् माघात त्याच यंत्रावर सावळारामचं बोट गेलं. लोक तुमचंच नाव घेत्यात."

"पट्टा सैल होता, मार्था. त्यात बोट अडकलं."

"मला ठावं हाय. त्यांना कोण सांगणार? आज नारळ तुमच्याच हातानं फोडायला लावणार हायेत."

"न्हाई फोडणार. यंत्र पुसीन, तेल घालीन, सगळ्यांसाठी प्रार्थना करीन. रोज करतो तेच."

"अन् कामावरनं काढलं तर?"

"प्रभू येशू बघून घेईल."

"तो बघंल. पण मला रातभर झोप न्हाई."

"गाडी आली. दे ती पिशवी. एवढी जड कशानं?"

"नारळ हाय त्यात."

"मार्था, मी आत्ता काय बोललो?"

"तुम्ही फोडू नका. सावळारामच्या हातात द्या. त्याला परत त्याच यंत्रापुढं उभं राहायचंय. त्याची भीती तरी जाऊ द्या."

"अन् तुझी?"

"माझी सांजच्याला जाईल. दहाही बोटं घेऊन घरी या."