चौकटीचं माप

लसीसाठी मी दवाखान्यात बाळाला मांडीवर घेऊन बसले होते, ताप येईल का या काळजीत. शेजारी दिवस भरत आलेली एक बाई आणि तिचा नवरा बसले होते.

"बाळाच्या खोलीतली तुझी मोटरसायकल जोडून झाली का रे?"

"झाली! पहिल्या किकला सुरू झाली."

"मग आजच बाहेर काढ. डॉक्टरांनी पुढचा आठवडा सांगितलाय."

"तिथेच तर घोडं अडलंय. मध्येच दाराला नवी चौकट बसवली ना, त्यातून हँडल बाहेर निघत नाही."

"धन्य आहे तुझी! माप घेतलं नव्हतंस?"

"घेतलं होतं की. पाळण्याचं."



"हँडल खोल," ती म्हणाली. "चौकटीला हात लावायचा नाही."