भिंतीवरची तारीख

बाई : अकरा वेळा फोन केला तुला काल. अकरा!

सहकारी : मुलीचं नाटक होतं शाळेत, बाई. फोन बंद ठेवायला लावतात तिथे. आणि मला वाटलं, अजून पाच दिवस हातात आहेत.

बाई : कुठून आले पाच दिवस? भिंतीवर काय लिहिलंय? वाच. मोठ्याने वाच.

सहकारी : 'वीस तारीख. अर्ज. संध्याकाळी पाच.'

बाई : मग?

सहकारी : मग वीस म्हणजे पंचवीस! चार वर्षं हेच चाललंय ना? प्रयोगशाळेच्या अनुदानाची फेरी वर्षातून तीनदा येते, दर वेळी तारीख पुढेमागे होते, आणि दर वेळी तुम्ही कॅलेंडरवर खऱ्या तारखेच्या पाच दिवस आधीची लिहिता. का, तर मी आळशी.

बाई : आळशी कधी म्हटलं नाही. उद्याराव म्हटलं.

सहकारी : तेच ते. पहिल्या फेरीला जिवाचं रान करून अर्जातलं माझं पान दिलं, आणि नंतर पोर्टलवर बघतो तर पाच दिवस शिल्लक! तेव्हापासून मी मनातल्या मनात पाच मिळवतो.

बाई : म्हणजे तुला ठाऊक होतं? आणि बोलला नाहीस?

सहकारी : तुम्ही तरी कुठे बोललात?

बाई : या खेपेला मी खरी तारीख लिहिली होती रे.

सहकारी : काय? पण का?

बाई : नवीन वर्षापासून नेम धरलाय. खोटं बोलायचं नाही, लिहायचंही नाही.

सहकारी : वा! पुण्य तुमच्या पदरात आणि अर्ज खड्ड्यात! अहो, एका शब्दाने सांगायचंत ना मला, की आता खरं लिहितेय म्हणून.

बाई : ते सांगायचं तर आधीच्या सगळ्या फेऱ्यांचंही सांगावं लागलं असतं. तेच जिभेवर येईना. रोज ठरवायची, आज सांगू. तू समोर आलास की शेवाळावर बोलायला लागायची... माझी पंचावन्न पानं तयार होती बघ. तुझं एक पान नाही म्हणून पोर्टल अर्ज घेईना. पाच वाजले आणि बटणच गेलं.

सहकारी : त्यांच्या कार्यालयाला विचारून बघू?

बाई : सकाळीच विचारलं. 'पुढच्या फेरीला भरा, मॅडम.' इतकं गोड बोलली ती मुलगी की भांडताही येईना.

सहकारी : मग भरू पुढच्या फेरीला. चार महिन्यांत येतेच की ती परत.

बाई : आपल्यासाठी येते. शेवाळाच्या नळ्या बघणाऱ्या काकांसाठी? त्यांची नेमणूक या महिनाअखेर संपतेय. अर्ज गेला असता तर निकाल लागेपर्यंत संस्थेने ती वाढवली असती. आता पुढची फेरी चार महिन्यांनी, निकाल त्यापुढे सहा महिन्यांनी. तोवर त्या माणसाने खायचं काय, नळ्यांतलं शेवाळ?

सहकारी : मला काय माहीत नाही का? चौदा वर्षं तेच सांभाळतायत ते. त्यांच्यामागे या नळ्या एक महिना टिकायच्या नाहीत. हे बघा, त्यांना इतक्यात काही सांगू नका. अर्ज गेलाय म्हणा. मी काहीतरी खटपट करतो. उद्याच—

बाई : उद्याच!

(काका नळ्यांचा ट्रे घेऊन आत येतात.)

काका : बाई, ते तळ्यावरचं शेवाळ जगलं बरं का! पिवळं पडलं होतं, आज हिरवं धरतंय... काय झालं? दोघं असे का बसलाय, पेपर कोरा दिल्यासारखे? अर्ज गेला ना काल?

सहकारी : काका, तो... म्हणजे जवळजवळ—

काका : जवळजवळ म्हणजे काय, साहेब? गाडी जवळजवळ मिळाली म्हणजे चुकलीच की.

सहकारी : तसं नाही—

काका : बाईंना विचारतोय मी. विचारायला कारण आहे. त्या इस्पितळातल्या रक्ततपासणीवाल्यांचा नोकरीसाठी परत फोन आला. दोनदा थांबवलंय त्यांना. आमच्या बाईंचा अर्ज जाऊ दे, मग सांगतो, म्हटलं. आता म्हणतात, तीनच्या आत हो का नाही ते बोला. अर्ज गेला असला तर नाही सांगून मोकळा होतो. मला काय करायचंय कुणाच्या रक्तात? इथलं एकेक शेवाळ तोंडओळखीचं आहे माझ्या.

सहकारी : नाहीच सांगा, काका! आम्ही बघतो काहीतरी. बाई, सांगा ना त्यांना.

बाई : काका, तो ट्रे खाली ठेवा. अर्ज गेला नाही.

काका : नाही म्हणजे... आज जाईल?

बाई : आजही नाही. बंद झालं ते. चार वर्षं मी भिंतीवर खोट्या तारखा लिहीत होते. यंदा खरी लिहिली आणि कुणाला सांगितलं नाही. याने आपले नेहमीसारखे पाच दिवस धरले.

काका : आणि हे बघतो म्हणतायत ते?

बाई : चार महिन्यांनी परत अर्ज करू. मिळेल की नाही, मला माहीत नाही. थांबा म्हणण्यासारखं माझ्या हातात काही नाही, काका.

सहकारी : बाई, जरा धीर तरी द्या माणसाला!

बाई : कुठून आणू? तूच सांग.

काका : राहू द्या, साहेब... तीनला किती कमी आहेत?

सहकारी : पंधरा मिनिटं.

काका : मग हे आधी उजेडात लावू. धरा. असा तिरका नका धरू, सरळ. दर सोमवारी एकेक नळी बघायची. पिवळं दिसलं की तिथल्या तिथे पाणी बदलायचं. वाट बघत नाही ते कुणाची.

सहकारी : तिथल्या तिथे. हो.

काका : बाई, फोन इथूनच लावतो. बाहेर फार गलका आहे.

बाई : लावा. मी दार लोटून घेते.