बारा सशांची परवानगी

अगं, त्या समितीवर मला घेतलंच मुळी सहीपुरतं! दोन हजार चार-पाचच्या सुमाराला भिवंडीजवळ औषधांची एक प्रयोगशाळा होती. प्राण्यांवर प्रयोग करायचा तर आधी समितीची परवानगी लागते, आणि त्या समितीत विज्ञानाबाहेरचंही कुणीतरी असावं लागतं. मी शाळेत मराठी शिकवायचे, म्हणजे त्यांच्या दृष्टीने अगदीच निरुपद्रवी.

पहिल्याच बैठकीत तिथल्या डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. “बाई, बारा सशांवरचा प्रयोग आहे. इथे सही करा.”

“करते की. आधी ससे दाखवा.”

प्राण्यांची देखभाल करणारा काशिनाथ दारात उभा होता. सरळ माणूस, बोलून गेला, “बाई, ससे आता कुठं हायेत? ते गेल्या महिन्यातच प्रयोगात मेले.”

“मग ही परवानगी कसली?”

“फॉर्मॅलिटी हो!” डॉक्टर माझ्यावरच वैतागले. “तुम्ही नाही म्हणालात तर ससे परत येणार आहेत का?”

माझं डोकंच फिरलं. त्याच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘परवानगी ससे मेल्यावर मागितली. नामंजूर.’

पुढच्या बैठकीचं मला बोलावणंच आलं नाही.