मानिक चौकातला फळा

बकुळ : ...हसू नका ना, काका! उद्या सकाळी चौकातला माझा बातम्यांचा फळा उतरवणार आहेत. त्या भिंतीवर दंतमंजनाची जाहिरात रंगवायची आहे म्हणे.

काका : पण लोक वाचतात ना?

बकुळ : पुरुष वाचतात. ते काय, पेपरही वाचतात. फळा लावलाय आमच्या दुपारच्या साक्षरता वर्गातल्या सुनांसाठी. वाचत राहिल्या नाहीत तर शिकलेलं सगळं विसरतील. आणि एकीचीही मान वर होत नाही! भिंतीचे मालक सेठजी म्हणाले, "एक भी बहू पढ़ के दिखा दे, तो बोर्ड रहेगा."

काका : अक्षर वाईट असेल.

बकुळ : माझं? शाळेत सुविचार लिहायला मलाच बोलावतात! आणि शिडीवर चढून इतका उंच टांगलाय की गल्लीच्या टोकावरून दिसावा. उतरल्यावर मी स्वतःच टाळ्या वाजवल्या. दुसरं कुणी वाजवेना, मग काय करणार?

काका : शेजारच्या फूलवतीला विचारलंस?

बकुळ : तीच तर गंमत! आपल्या स्वयंपाकघरात ती डब्यांवरचं सगळं घडाघडा वाचते. म्हटलं, चल चौकात. तिथे तिच्या सासऱ्यांचं दुकान. तिने घूंघट हनुवटीपर्यंत ओढला. मीही मजेत ओढणी ओढली. काका, मला काय दिसलं सांगू? माझ्या चपला. आणि एक बकरी, तीही गुडघ्यापर्यंत.

काका : आणि फळा?

बकुळ : आभाळात! मान वर केली की घूंघट सरकतो. आपल्या मराठी घरात आईने घेतला नाही, आत्याने घेतला नाही, माझ्या डोक्यात येणार कुठून? आणि मी घरोघर विचारत हिंडतेय, "आज क्या पढ़ा, भाभी?" त्या बिचाऱ्या म्हणतात, "बहुत अच्छा था."

काका : ते तू रोज जेवताना ऐकवायचीस. माझं वरण गार व्हायचं.

बकुळ : अजून मीठ चोळा! हातोडी कुठे आहे?

काका : सकाळी जाऊ. आणि फळ्यावर लिही की, घूंघट घेऊ नका म्हणून.

बकुळ : लिहीन. पण तो तिथे वर असताना वाचणार कोण? आधी खाली आणू.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, मानिक चौक. फळा त्याच भिंतीच्या पायथ्याशी, सार्वजनिक नळाजवळ. फूलवती घागर घेऊन उभी.)

बकुळ : काका, सेठजी बघताहेत का?

काका : सगळा चौक बघतोय. तू ओढणी चावू नकोस.

बकुळ : भाभी, आराम से. पहिला शब्द मी सांगू?

काका : बकुळ!

फूलवती : आज... राशन की... दुकान पै...

बकुळ : ऐकलंत, सेठजी? सुना आपने? आगे, भाभी, आगे! मी म्हटलं होतं ना, काका! वाह, भाभी!

काका : अगं, तिला वाचू दे.

फूलवती : (बकुळला हाताने थोडं बाजूला करत) बिन्नू, तनक सरको. अच्छरन पै तुमाई छाया पर रई.