सगळ्या खिडक्या एकदम

सन्माननीय अध्यक्षबाई, आजचे सत्कारमूर्ती थांबाकाका, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू, आणि पावसात फुगणाऱ्या लाकडी झडपांशी रोज सकाळी कुस्ती खेळणाऱ्या माझ्या भाडेकरू बंधुभगिनींनो!

आपलं दुखणं एकच आहे. आपण चित्रात राहतो! दर्शनी भिंतभर जुनी मिरवणूक रंगवलेली आहे आणि ती नेमकी आपल्या झडपांवरूनही गेली आहे. म्हणून पुरातत्त्व खात्याचा हुकूम, झडप बदलायची नाही, खिळा ठोकायचा नाही. मी विचारतो, घोड्याचं तोंड शाबूत राहावं म्हणून माणसांनी गुदमरायचं? थांबा, टाळ्या शेवटी. आपण भांडलो आणि जिंकलो! परवा सोमवारी या झडपा उतरतील, गोदामात जातील, आणि सरकत्या काचा लागतील. त्या लढ्याचा मला आजही अभिमान आहे.

पण आज निरोप आहे तो पुरातत्त्व खात्याच्या छायाचित्रकाराला. शहरातल्या रंगवलेल्या भिंतींचे फोटो काढण्यात या माणसाची नोकरी सरली. त्यांना थांबाकाका कुणी केलं? आपणच! समोरच्या फुटपाथवर कॅमेऱ्याची तिवई मांडून ते ओरडायचे, "थांबा! खिडकी उघडू नका!" तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या आत्याबाईंची झडप धाडकन बाहेर. घोड्याचं मुंडकं गायब, आणि शेजारच्या राजाचा हात झडपेखाली.

"आत्याबाई, जरा दम धरा!"

"दूध करपलंय इथे! तुमच्या घोड्याला नाक आहे का?"

"होतं की! तेच तुम्ही आता भिंतीला टेकवलंत!"

आत्याबाईंनी लावली की खालचे शिंपीमामा उघडणार. का, तर सुईत दोरा ओवायला उजेड हवा. मामांना विनवावं तर वरच्या सूनबाई डोकावणार, "काय झालं हो खाली?"

हसताय काय? तुमच्यापैकी कुणी ते चित्र पुरं पाहिलंय? झडप लावणारा आत असतो! राजा लढाईला निघालाय की सासुरवाडीला, यावर आपल्या जिन्यात दोन पक्ष आहेत, आणि पुरावा एकाकडेही नाही.

समारंभाचं बोलावणं द्यायला गेलो, तेव्हा काका म्हणाले, "खात्यातलं कपाट माझ्या फोटोंनी भरलंय. पण तुमचा राजा कुठे निघालाय, ते मला सांगता यायचं नाही. ही भिंत सबंध मिळालीच नाही." काकू आतून म्हणाल्या, "झोपेतसुद्धा 'थांबा' म्हणतात हो! मी पाणी प्यायला उठलेली, जागच्या जागी उभी राहते."

आणि आपण त्यांना भेट काय आणली? घड्याळ! ज्याने जन्मभर वाट पाहिली, त्याला घड्याळ!

उद्याचा एकच दिवस झडपा जागेवर आहेत. काकांची नोकरी संपली, पण कॅमेरा घरचा आहे. उद्या सकाळी भिंतीवर ऊन आलं, की ते खालून शिट्टी वाजवतील.

अध्यक्षबाई, घंटी वाजवूनही मला बोलू दिलंत, मी ऋणी आहे. आत्याबाई, दुधाचं मनावर घेऊ नका. मंडळी, तुम्ही शांतपणे ऐकलंत, आभार. बोलण्याच्या भरात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. पण शिट्टी ऐकलीत, की मामा, सुई खाली ठेवा, आत्याबाई, दूध उतरवा, आणि सगळ्यांनी एकदम झडपा लावा. फोटो निघाला का, हे बघायला मात्र कुणीही खिडकी उघडायची नाही!